मुळी, गोळी आणि डोळ्यांपुढची माणसं

रक्तदाबाची गोळी आता इतकी घरगुती वस्तू झाली आहे, की तिला काही इतिहास असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. चहाच्या कपाशेजारी, चष्म्याच्या घराजवळ ती पट्टी पडलेली असते. नातू विचारतो, ‘आजी, गोळी घेतली का?’ आणि आजी म्हणते, ‘घेतली रे बाबा.’ एवढंच तिच्याबद्दलचं बोलणं. या गोळीनं जगभरात किती माणसांचं आयुष्य लांबवलं याची मोजदाद करणं अवघड आहे. पण ती घेणाऱ्यांपैकी अगदी थोड्या लोकांना कधी कधी नसलेल्या गोष्टी दिसतात. भिंतीशी उभा असलेला माणूस, पायथ्याशी बसलेलं मांजर, दारात खेळणारी मुलं. हे का होतं, आणि हे औषधामुळं होऊ शकतं हे माणसाला कधी उमगलं, ती गोष्ट आज सांगायची आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण ही गोष्ट आपल्या मातीतल्या एका मुळीपासून सुरू होते, म्हणून ती मला जवळची वाटते.

त्या मुळीचं नाव सर्पगंधा. गुडघाभर उंचीचं झुडूप, पांढरी-गुलाबी फुलं, लाल देठ, आणि जमिनीत सापासारखी वाकडीतिकडी गेलेली मूळं. साप, विंचू चावला की लोक ती उगाळून देत. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस ही मुळी खातं, अशी लोककथा होती. प्राचीन संस्कृत ग्रंथांत हे नाव येतं, मात्र ती हीच वनस्पती का, यावर विद्वानांत वाद आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३ मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवरचा आपला ग्रंथ छापला. त्यात सर्पविषावर चालणाऱ्या लाकडाचं वर्णन आहे, मुंगसाची कथाही आहे. त्यातलं एक झाड म्हणजे सर्पगंधाच, असं बरेच अभ्यासक मानतात. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढं या कुळाला राउवोल्फिया असं नाव दिलं, ते सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. गंमत अशी की, हा राउवोल्फ शाम आणि इराकपर्यंत फिरला, पण हिंदुस्थानात कधी आलाच नाही. झाड आपलं, वापर आपला, नाव मात्र न आलेल्या पाहुण्याचं!

युनानी हकीम या मुळीला ‘असरोल’ म्हणत. बिहारमध्ये ती ‘पागल की दवा’ या नावानं विकली जाई. झोप न येणारा, आरडाओरडा करणारा, घराबाहेर धावणारा माणूस ही मुळी दिली की शांत होतो, हे तिथल्या बाजारातल्या माणसालाही ठाऊक होतं. म्हणजे ही मुळी मनावर काम करते, हे आपल्याकडं आधी कळलं होतं. ती रक्तदाबही उतरवते हे कळायला मात्र रक्तदाब मोजता यावा लागणार होता. हाताला पट्टा बांधून दाब मोजण्याचं यंत्र इटलीच्या रिवा-रोची यानं १८९६ मध्ये काढलं, आणि कोपराशी नळी लावून आवाज ऐकण्याची रीत रशियाच्या कोरोत्कॉफनं १९०५ मध्ये सांगितली. त्याआधी रक्तदाब हा आजार म्हणून फारसा कुणाला दिसत नव्हता.

इथं दिल्लीचे हकीम अजमल खान या गोष्टीत येतात. जन्म १८६८, मृत्यू १९२७. खानदानी हकीम, काँग्रेसच्या १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनाचे अध्यक्ष, आणि ‘शैदा’ या नावानं उर्दू-फारसी शायरी करणारे कवी. दिल्लीत आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शास्त्रांचं एकत्र शिक्षण देणारं तिब्बिया कॉलेज त्यांनी उभारलं. १९२१ मध्ये त्याचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं. वैद्य आणि हकीम एका छपराखाली शिकले पाहिजेत आणि त्यांच्या मुळ्या-पाल्यांची परीक्षा प्रयोगशाळेत झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले सलीमुज्जमाँ सिद्दीकी तिथल्या संशोधनाचं काम पाहू लागले. हे सिद्दीकीही नुसते रसायनशास्त्रज्ञ नव्हते, चित्रकार होते. जर्मनीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. १९३१ मध्ये त्यांनी आणि रफत हुसैन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून काही शुद्ध द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी नाव दिलं अजमलीन. हकीमसाहेब तेव्हा हयात नव्हते. हृदयाच्या ठोक्यांचा एक विशिष्ट दोष शोधण्याच्या तपासणीत हे अजमलीन आजही वापरलं जातं. न आलेल्या पाहुण्याचं नाव झाडाला मिळालं होतं. निदान झाडाच्या काळजाला तरी घरच्या माणसाचं नाव मिळालं.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालणारं नवं भारतीय औषध, असा त्याचा विषय होता. वेड आणि रक्तदाब हे दोन शब्द एकाच शीर्षकात होते, हे ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या दोन शब्दांच्या शेजारात आहे.

पण कलकत्त्यातली ही बातमी साता समुद्रापार पोचली नाही. त्या काळात पाश्चात्त्य डॉक्टरांच्या हाती रक्तदाबावर धड औषध नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या, एवढंच. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेला रक्तदाब ३०० वर १९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचा दाब महिनोन्‌महिने चढत होता आणि डॉक्टर आकडे लिहून घेण्यापलीकडं फारसं काही करू शकत नव्हते. आज तालुक्याच्या दवाखान्यात मिळणारी साधी गोळीही त्यांच्या नशिबी नव्हती.

कोंडी फुटली ती आपल्या मुंबईत. डॉ. रुस्तम जाल वकील हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ के.ई.एम. रुग्णालयात काम करत. रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन त्यांनी काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या, आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपला निबंध छापला. तो वाचून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध तिकडं वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य गुण ज्यात आहे ते द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. वर्षभरातच ते सर्पासिल या नावानं बाजारात आलं. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांच्याबरोबर तो पुरस्कार घेणाऱ्यांत नेथन क्लाइन हे मनोविकारतज्ज्ञ होते, कारण त्यांनी हेच रेसर्पिन वेड्यांच्या इस्पितळात वापरलं होतं. पुन्हा तेच दोन शब्द शेजारी!

आता गोष्टीचा दुसरा पदर. रेसर्पिन हजारो लोक घेऊ लागले, दाब उतरू लागला, आणि त्याचबरोबर काही तक्रारी येऊ लागल्या. नाक चोंदतं, सुस्ती येते, इथवर ठीक होतं. पण काहीजण म्हणत, रात्री भयंकर स्वप्नं पडतात. काही उदास होत, रडत, जगण्यावरचं मन उडाल्यासारखं बोलत. त्या वेळी औषधाचे डोस आजच्या मानानं मोठे होते, आणि उदासीचा सगळा दोष या औषधाला द्यावा का, याबद्दल नंतरच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. पण एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. रक्तवाहिन्यांसाठी दिलेली गोळी रक्तवाहिन्यांपाशी थांबत नाही. रक्त जिथं जिथं जातं तिथं ती जाते, आणि रक्त मेंदूतही जातं.

मेंदूत जाऊन ती काय करते, हे शोधताना विज्ञानाला एक नवा दरवाजा सापडला. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रासायनिक निरोपांनी बोलतात. हे निरोप पेशीच्या टोकाशी छोट्या छोट्या कोठारांत साठवलेले असतात. रेसर्पिन ही कोठारं भरू देत नाही. साठा संपतो, निरोप थांबतात. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं; ससे निश्चल पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचलं, आणि ससे उठून हिंडू लागले. या प्रयोगांतून डोपामिन हे मेंदूतलं स्वतंत्र निरोप्या-द्रव्य आहे हे उलगडलं, आणि हात थरथरणाऱ्या, शरीर ताठरणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णांसाठी एल-डोपाचं औषध पुढं आलं. कार्लसन यांना त्यासाठी २००० साली नोबेल मिळालं. आणि आता पाहा, हेच एल-डोपा घेणाऱ्या काही रुग्णांना घरात माणसं, मुलं, प्राणी दिसू लागतात, हा त्या औषधाचा सर्वज्ञात दुष्परिणाम आहे. निरोप आटले की माणूस मलूल होतो. निरोप जादा झाले की जे नाही त्याचाही निरोप येतो. डोळ्यांनी पाहणं म्हणजे नुसतं बाहेरचं आत घेणं नव्हे, त्यात मेंदूची स्वतःची भर असते, हे या गोळ्यांनी शिकवलं.

औषधानं नजर बदलते ही नोंद तशी जुनी आहे. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यानं १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांवर पुस्तक लिहिलं. अंगावर पाणी चढलेल्या रोग्यांना तो ही पानं देई. त्यातूनच पुढं हृदयविकारावरचं डिजिटॅलिस आलं. त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं की, मात्रा जास्त झाली की रोग्याला वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात. आणि औषधाशिवायही नसलेलं दिसू शकतं. जिनिव्हाच्या शार्ल बॉने यानं १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकीकत लिहिली आहे. आजोबा नव्वदीला टेकलेले, मोतीबिंदूनं नजर जवळजवळ गेलेली, बुद्धी मात्र लखलखीत. त्यांना पुरुष, बायका, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. हे खरं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांची त्यात करमणूकही होई. डोळ्यांकडून खबर येईनाशी झाली की मेंदू आपल्या पदरचं काही रचतो. नजर अधू झालेल्या वृद्धांच्या या अनुभवाला आज बॉनेचंच नाव आहे. म्हणून म्हातारपणी काही दिसलं की ते गोळीमुळंच, असंही नाही. डोळे, ताप, झोपेचा अभाव, शरीरातल्या क्षारांचा तोल, मेंदूचा एखादा आजार, अशी अनेक कारणं असतात. गोळी हे त्यातलं एक.

रेसर्पिननंतर आलेल्या गोळ्यांत सर्वांत गाजली ती प्रोप्रॅनोलॉल. ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांनी ती १९६० नंतरच्या काही वर्षांत तयार केली. १९८८ चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं त्यात ही गोळी होती. भीती वाटली की छाती धडधडते ती अॅड्रेनलीनच्या हुकमानं. हा हुकूम हृदयाच्या ज्या कुलपात किल्लीसारखा बसतो, ते कुलूप ही गोळी अडवून धरते. ब्लॅक यांना ती छातीत दुखणाऱ्या रुग्णांसाठी हवी होती. ती रक्तदाबही उतरवते हे नंतर लक्षात आलं. पण प्रोप्रॅनोलॉलचा एक स्वभाव आहे. ती चरबीत विरघळते. मेंदूभोवतीचा पहारा अशा द्रव्यांना सहज आत सोडतो. त्यामुळं ती घेणाऱ्या काहींना फार ठळक, रंगीत, कधी भीतिदायक स्वप्नं पडतात, आणि क्वचित कुणाला जागेपणीही आकृती दिसतात. १९७८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रोप्रॅनोलॉल आणि डोळ्यांना होणारे भास यावर स्वतंत्र टिपण छापून आलं. याच घराण्यातली अॅटेनोलॉल ही गोळी पाण्यात विरघळणारी असल्यानं मेंदूत कमी शिरते, आणि तिच्यात हा त्रास कमी आढळतो. क्लोनिडिन या दुसऱ्या जातीच्या गोळीबाबतही भासांच्या नोंदी आहेत. अलीकडच्या इतर काही गोळ्यांबद्दलही वृद्ध रुग्णांच्या अशा तुरळक नोंदी डॉक्टरांच्या नियतकालिकांत सापडतात. प्रमाण थोडं आहे, हे पुन्हा सांगतो. कोट्यवधी लोक या गोळ्या घेतात आणि त्यांना काहीही दिसत नाही.

मग ज्यांना दिसतं, त्यांचं काय होतं?

माझ्या एका खालाची गोष्ट सांगतो. सत्तरी उलटलेली, पाच वेळची नमाजी, अख्ख्या मोहल्ल्याचे हिशेब तोंडपाठ असणारी बाई. एक दिवस मगरिबनंतर ती सुनेला म्हणाली, ‘वो बच्चे आज बी आको बैठे.’ उंबऱ्याशी तीन मुलं बसतात, म्हणे. बोलत नाहीत, मागत नाहीत, नुसती बसतात. सून घाबरली. शेजारणीनं सांगितलं, जिन्न आहेत. कुणी तावीज आणला, कुणी पाणी दम करून आणलं. शेजारच्या मराठा कुटुंबातल्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. त्यांचीही माया खरीच होती. मोठा मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, ‘अम्मीचं डोकं फिरत चाललंय.’ हे खालानं ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती मुलांबद्दल बोलेनाशी झाली. मुलं मात्र येत होती. ती त्यांच्याकडं पाहत होती आणि गप्प होती. जेवण कमी झालं. पुढं एका तरुण डॉक्टरांनी तिला विचारलं, ‘आजी, हे सुरू व्हायच्या आधी नवीन काही गोळी चालू झाली होती का?’ झाली होती. रक्तदाबाची, दहा-बारा दिवसांपूर्वी. त्यांनी ती हळूहळू कमी करून दुसरी दिली. काही दिवसांनी मुलं यायची थांबली. गोळीच कारण होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. डॉक्टरही म्हणाले, शक्यता आहे. पण खालाला त्या प्रश्नानं जे दिलं ते तावीजानं दिलं नव्हतं. ती वेडी नाही, असं कुणीतरी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं.

या सगळ्या इतिहासातून मला कळतं ते हे. सर्पगंधेनं वेड्याला शांत केलं आणि तिच्याच पोटातल्या द्रव्यानं शहाण्याला भयंकर स्वप्नं दाखवली. ते दुष्परिणाम कळले कसे? आपोआप नाही कळले. कुणीतरी रुग्ण बोलला, आणि समोरच्या डॉक्टरनं ते हसण्यावारी न नेता लिहून घेतलं. दाबाचा आकडा यंत्रात दिसतो. भास कुठल्याच यंत्रात दिसत नाही. तो सांगावाच लागतो. आणि सांगायला माणूस भितो, कारण आपल्याकडं अशा बोलण्याला दोनच कप्पे आहेत. एक भुताखेताचा, दुसरा वेडाचा. तिसरा कप्पा औषधाचा आहे, तो फार कमी घरांत उघडला जातो. त्या दोन कप्प्यांच्या भीतीनं किती म्हाताऱ्या माणसांनी आपल्या डोळ्यांपुढची माणसं मुकाट्यानं सोसली असतील!

कवीच्या धंद्यात नसलेलं दिसणं ही मिळकत समजली जाते. पण आम्हाला जे दिसतं ते आम्ही बोलावलेलं असतं, आणि कागद मिटला की ते जातं. न बोलावता आलेलं आणि न जाणारं, ही वेगळी गोष्ट. तिचं काव्य करू नये. तिची चौकशी करावी.

ती करताना एक धोका मात्र टाळायला हवा. हे ऐकून किंवा वाचून कुणी उद्या सकाळी आपली गोळी बंद करू नये. प्रोप्रॅनोलॉलच्या जातीच्या गोळ्या आणि क्लोनिडिन एकदम थांबवल्या तर दाब उसळू शकतो, हृदयावर घाला येऊ शकतो. हाही इतिहासानंच शिकवलेला धडा आहे, आणि तो काही रुग्णांच्या जिवावर शिकलेला आहे. गोळी बदलायची ती डॉक्टरांनी, त्यांच्या पद्धतीनं, हळूहळू. आपलं काम त्यांना तारीख सांगण्याचं. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, भास कधी सुरू झाले. एका जुन्या वहीत या तीन तारखा लिहिलेल्या असल्या, तर निम्मं निदान घरीच झालेलं असतं.

दिल्लीच्या हकिमांनी मुळी प्रयोगशाळेकडं सोपवली, मुंबईच्या पारशी डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, स्वित्झर्लंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी द्रव्य काढलं, स्वीडनच्या माणसानं ससे उठवून मेंदूचं कोडं सोडवलं. इतक्या लोकांची मेहनत त्या एवढ्याशा पांढऱ्या गोळीत आहे. आपल्या वाट्याला आलेलं काम त्या मानानं अगदी सोपं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘गोळी घेतली का?’ असं आपण रोज विचारतोच. त्याला आणखी एक प्रश्न जोडावा: ‘गोळी घेतल्यापासून काही वेगळं वाटतंय का?’ आणि मग थोडा वेळ त्यांच्यापाशी बसावं. कारण या प्रश्नाचं उत्तर लगेच येत नसतं.